‘अ‍ॅक्वायर’ म्हणजे मिळवणे, पण कोणी?



उरणकडच्या एका घरातली ही गोष्ट. जमिनीच्या नोटिशीबरोबर एक इंग्रजी कागद आला. शाळकरी नातवाने शब्दकोश काढून सांगितले, “आजोबा, अ‍ॅक्वायर म्हणजे मिळवणे!” आपल्याला जमीन मिळणार, म्हणून म्हातारबाबा हरखले. नातवाने सांगितलेला अर्थ बरोबर होता. मिळवणारा कोण, तेवढे पाहायचे राहिले.

हे क्रियापद चांगल्या घरचे आहे. विद्या, कौशल्य, मालमत्ता, सगळ्यांना ते चालते. मराठीतही आपण ज्ञान संपादन करतो, लोकांचा विश्वास संपादन करतो. त्यात कोणाचे काही जात नाही. जमिनीचे तसे नाही. एकाने ती संपादन केली की दुसऱ्याच्या सात-बारावरून उतरते. कायद्यातल्या ‘अ‍ॅक्वायर’चा अर्थ असा, की सार्वजनिक कामासाठी सरकार मोबदला देऊन जमीन घेते, मग खातेदाराची इच्छा असो वा नसो.

नवी मुंबईच्या गावांनी हा अर्थ शब्दकोशाबाहेर शिकला. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांची भातखाचरे, मिठागरे संपादनाखाली आली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली.

1894 चा जुना कायदा जाऊन 1 जानेवारी 2014 पासून 2013 चा कायदा लागू झाला आहे. त्यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. राष्ट्रीय महामार्गासाठी कायदा वेगळा आणि मुदत 21 दिवसांचीच. म्हणून नोटिशीत आधी कायद्याचे नाव पाहा. दुसरे, मोबदला कमी वाटला तर पैसे घेताना ‘हरकत राखून घेतले’ असे लिहूनच सही करा. 2013 च्या कायद्याखाली तसे न लिहिता पैसे घेतले, तर वाढीव मोबदल्याच्या अर्जाचा हक्क जातो.

मुलांना इंग्रजी जरूर शिकवा. पण क्रियापदाचा अर्थ पाहिला की त्याचा कर्ताही शोधायला सांगा. कागदावर अंगठा त्यानंतर.