गाठीपुरती ऊब

तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं की कर्कपेशींतली प्रथिनं बिघडू लागतात. केमोथेरपी आणि रेडिएशनचा प्रभावही वाढतो. अवघड असतं ते फक्त गाठच तापवणं. १९५७मध्ये अमेरिकेत गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी लोहऑक्साइडचे सूक्ष्म कण लसिकाग्रंथींत पोहोचवून ते सतत दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने तापवून पाहिले. पण असे उघडे सूक्ष्म कण (नॅनोकण) रक्तात एकमेकांना चिकटतात. म्हणून त्यांच्यावर जैवबहुलकांचा लेप चढवतात: कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून बनणारं कायटोसान किंवा जिवाणूंनी साखरेपासून तयार केलेलं डेक्स्ट्रान. लेपामुळे कण सुटे राहतात. शिवाय कायटोसानमध्ये औषध भरता येतं; गाठीतल्या किंचित आम्लधर्मी वातावरणात ते फुगतं आणि औषध सोडतं. मात्र गाठीत पुरेसे कण पोहोचवणं आणि उष्णता सगळीकडे सारखी ठेवणं अजून कठीणच आहे.