नद्यांना छेदून जाणारा केरळचा राज्य महामार्ग क्रमांक १

तिरुवनंतपुरम : केरळची राजधानी तिरुवनंतपुरममधील केशवदासपुरम येथे सुरू होऊन एर्नाकुलम जिल्ह्यातील अंगमालीपर्यंत जाणारा ‘मेन सेंट्रल रोड’ हा राज्य महामार्ग क्रमांक १ म्हणून ओळखला जातो. सुमारे २४० किलोमीटर लांबीच्या या मार्गाला स्थानिक लोक ‘एम. सी. रोड’ म्हणतात. किनाऱ्यालगतच्या राष्ट्रीय महामार्गाला तो सर्वांत महत्त्वाचा पर्याय आहे.

या मार्गाच्या उभारणीचे श्रेय अठराव्या शतकाच्या अखेरीस त्रावणकोर संस्थानाचे दिवाण असलेले राजा केशवदास यांना दिले जाते. केशवदासपुरम हे नावही त्यांच्यावरूनच पडले. किनारपट्टीवर खाड्या, कालवे आणि जलवाहतूक होती; मध्यभागातील टेकड्यांच्या प्रदेशाला मात्र रस्त्याची गरज होती. पुढे १८५८ ते १८७२ या काळात दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांच्या कारकिर्दीत संस्थानातील रस्ते व कालव्यांच्या कामांना मोठी चालना मिळाली. कुंभकोणम येथे जन्मलेले माधवराव तंजावरकडील मराठी भाषिक घराण्यातील होते. त्यांनी नंतर इंदूर व बडोदा संस्थानांचेही दिवाणपद सांभाळले.

चित्रकार राजा रविवर्मा यांचे जन्मगाव किळिमानूर याच मार्गावर आहे. तेथून कोट्टारक्करा, अडूर, पंदळम, चेंगन्नूर, तिरुवल्ला, चंगनाशेरी, कोट्टायम, एट्टुमानूर, मूवाट्टुपुळा आणि पेरुंबावूर या गावांतून जात हा रस्ता आद्य शंकराचार्यांचे जन्मस्थान असलेल्या कालडीला पोहोचतो. चेंगन्नूर ते कोट्टायम या टप्प्यात कोल्लम-थेनी राष्ट्रीय महामार्गही याच रस्त्यावरून जातो. शबरीमलाच्या यात्राकाळात पंदळम आणि चेंगन्नूर परिसरात वाहनांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढते.

या मार्गाची खरी कसोटी त्याच्या पुलांवर लागते. केरळमधील ४४ नद्यांपैकी ४१ पश्चिमेकडे वाहतात, तर हा रस्ता दक्षिणोत्तर जातो. त्यामुळे एनात येथे कल्लडा, पंदळमला अच्चनकोविल, चेंगन्नूरजवळ पंपा, तिरुवल्ल्याजवळ मणिमला, कोट्टायमला मीनच्चिल आणि कालडीला पेरियार अशा नद्या त्याला ओलांडाव्या लागतात. एखादा पूल निकामी झाला, तर संपूर्ण मार्गाची साखळी तुटते.

जानेवारी २०१७ मध्ये त्याचा प्रत्यय आला. एनात येथील पुलाचा आधार खचल्याने वाहतूक बंद करावी लागली आणि अवजड वाहनांना लांबचा वळसा घालावा लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लष्कराने तेथे तात्पुरता बेली पूल उभारून हलक्या वाहनांची सोय केली. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात पंदळम, चेंगन्नूर आणि तिरुवल्ला परिसराला जबर तडाखा बसला. रस्त्याचे काही भाग पाण्याखाली गेले आणि मदतकार्याच्या काळातच दळणवळण खंडित झाले.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या केरळ राज्य परिवहन प्रकल्पांतर्गत या मार्गाची टप्प्याटप्प्याने सुधारणा झाली. तथापि, जुन्या आखणीतील वळणे, चढउतार आणि भर बाजारपेठेतून जाणारा रस्ता यांमुळे रुंदीकरणाला मर्यादा पडतात. लांब पल्ल्याची वाहने आणि गावातले पादचारी आजही एकाच रस्त्यावर आहेत. म्हणूनच गावांबाहेरील वळणरस्ते आणि पुलांची नियमित तपासणी हे दोन प्रश्न या महामार्गाच्या भवितव्याच्या केंद्रस्थानी आहेत.