कॅमेरा वस्तीवर, मालक परगावी : मोबाईलवर चित्र का दिसत नाही?



विहिरीवरची केबल कापून नेली, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी उचलली, गोठ्यातली शेळी रातोरात गायब झाली, अशा बातम्या आता कोणत्याच गावाला नव्या राहिलेल्या नाहीत. म्हणूनच वस्तीवर, गोठ्यात, कांदाचाळीवर आणि ग्रामपंचायतीच्या चौकातही कॅमेरे आले. बसवणारा जाताना मोबाईलवर चित्र दाखवतो, आपण समाधानाने पैसे देतो. पुढे एखाद्या रात्री आपण लग्नाला नाहीतर मार्केटला परगावी असतो, मोबाईल उघडतो आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. ज्या वेळेसाठी पैसे घातले, नेमका त्याच वेळी कॅमेरा आंधळा!

अशा वेळी बहुतेक जण बसवणाऱ्याला फोन लावतात. तो म्हणतो, "उद्या बघतो." उद्याचा परवा होतो. खरे पाहता यातले बरेच बिघाड आपले आपल्याला सापडण्यासारखे असतात. त्यासाठी इंजिनिअर व्हायला नको, क्रमाने तपासायची सवय मात्र हवी. शेवटच्या सरीला पाणी पोचत नसेल तर आपण मोटारीपासून पाइपाच्या कडेने चालत जातो आणि कुठे फुटलंय ते बघतो. इथेही तेच करायचे.

चित्र येते कसे?

आधी मार्ग समजून घ्या. कॅमेऱ्याचे चित्र राउटरकडे जाते, राउटरकडून टॉवर किंवा फायबरमार्गे कंपनीच्या सर्व्हरकडे आणि तिथून आपल्या मोबाईलवर. डीव्हीआर असेल तर कॅमेऱ्यांच्या वायरी आधी त्याच्यात येतात आणि पुढचा प्रवास तो करतो. सिमकार्डाच्या कॅमेऱ्यात राउटर त्याच्या पोटातच असतो. हल्लीचे बहुतेक कॅमेरे स्वतःच सर्व्हरकडे हजेरी लावतात आणि मोबाईलमधले ॲप त्यांना अनुक्रमांकावरून शोधते.

म्हणजे नेट दोन्ही टोकांना हवे. आपल्या मोबाईलवर नेट खाली उतरते, वस्तीवर मात्र ते वर चढावे लागते. मोबाईलवर सिनेमा सुरेख चालतो म्हणून कॅमेराही चालेल असे समजू नका. वस्तीवर नेट वर चढण्याचा वेग किती, त्यावर सारे अवलंबून आहे.

परगावी असताना आधी काय बघाल?

पहिले, आपल्याच मोबाईलचे नेट चालू आहे का ते बघा. दुसरे, सगळेच कॅमेरे बंद आहेत की एकच? एकच बंद असेल तर दोष त्या कॅमेऱ्याच्या वायरीत, ॲडॅप्टरमध्ये किंवा वाय-फायच्या टप्प्यात शोधावा. सगळे एकदम गेले असतील तर वीज, राउटर, डीव्हीआर नाहीतर रिचार्ज यांच्याकडे वळावे. तिसरे, ॲप काय म्हणते ते नीट वाचा. 'ऑफलाइन' म्हणजे कॅमेऱ्याची सर्व्हरकडे हजेरी लागलेली नाही. 'पासवर्ड चुकीचा' असे असेल तर कॅमेरा जिवंत आहे, किल्ली चुकली आहे. नुसते चक्र फिरत असेल तर बहुधा वेग कमी पडतो आहे. अशा वेळी ॲपमध्ये चित्राचा दर्जा 'एचडी' वरून 'एसडी' वर आणा, पुष्कळदा तेवढ्यावर चित्र येते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चित्र दिसले तरी कोपऱ्यातले घड्याळ बघा. आमच्या मंडळातल्या एका पशुपालकाची गाय विण्याच्या बेतात होती आणि त्याला नात्यातल्या कार्याला जावे लागले. रात्री दहाला मोबाईलवर गाय शांत उभी दिसत होती, म्हणून तो निर्धास्त. मुलाने पडद्याचा कोपरा दाखवला, तिथे सात वाजून दहा मिनिटे झालेली. चित्र तीन तासांपूर्वीचे होते, गोठलेले! शेजाऱ्याला फोन केला. तो बॅटरी घेऊन गेला तेव्हा गाय बसलेली होती आणि वासराचे पाय बाहेर आले होते. शेजारी जाणता, त्याने डॉक्टरांना बोलावले आणि दोन्ही जीव वाचले. सेकंदाचा आकडा पुढे सरकतो आहे तोवरच ते चित्र आत्ताचे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

जागेवर गेल्यावर : दोन वेळा बघायची परीक्षा

वस्तीवर पोचल्यावर मोबाईल तिथल्या वाय-फायला जोडा आणि चित्र बघा. मग वाय-फाय बंद करून मोबाईलच्या स्वतःच्या नेटवर बघा. दोन्ही वेळा चित्र नसेल तर दोष वस्तीवरच आहे. वाय-फायवर दिसते आणि बाहेरच्या नेटवर दिसत नाही, असे असेल तर कॅमेरा ठणठणीत आहे, बाहेर जाणारी वाट बंद आहे. या एका परीक्षेने निम्मे काम होते आणि बसवणाऱ्याला फोनवर नेमके सांगताही येते.

वीज

आपल्याकडे पहिला संशय विजेवरच घ्यावा. लाइट गेली की कॅमेरा, राउटर सारेच बसते. लाइट आल्यावर राउटरला उभे राहायला दोन-तीन मिनिटे लागतात, त्यानंतर कॅमेरा जोडला जातो. तेव्हा पाच मिनिटे धीर धरावा. तरीही आला नाही तर आधी राउटर बंद करून चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग कॅमेरा.

उपाय म्हणजे बॅटरीचा आधार. साधा हिशेब बघा : १२ व्होल्टची ७ ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास. राउटर आणि एक कॅमेरा मिळून १८ वॉट घेतात असे धरले तर कागदावर साडेचार तास निघतात, प्रत्यक्षात तीन ते चार तास धरा. राउटरसाठी तयार छोटे यूपीएसही मिळतात. जोडणी मात्र जाणकाराकडूनच करून घ्या. नुसत्या कॅमेऱ्याला बॅटरी देऊन राउटर तसाच ठेवला तर रेकॉर्डिंग होईल, पण मोबाईलवर काहीच दिसणार नाही.

सोलर कॅमेऱ्याच्या पत्र्यावर धूळ आणि पक्ष्यांची घाण बसते, ती पुसत चला. हे कॅमेरे बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेले असतात. ॲप उघडल्यावर त्यांना जागे व्हायला काही सेकंद लागतात, तो बिघाड नव्हे.

वाय-फाय आणि सिम

बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांना वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा कळतो. राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल तर जोडणी होतच नाही. राउटरमध्ये दोन्ही पट्टे असले तर २.४ ला वेगळे नाव द्या. भिंती आणि पत्रे मध्ये आले की वाय-फाय दुबळे होते. शे-दीडशे फुटांपुढे त्याचा भरवसा धरू नये. नेटवर्कची साधी केबल १०० मीटरपर्यंत चालते, विहीर त्याहून लांब असेल तर सिमचा कॅमेरा बरा.

राउटर नवा आणला किंवा वाय-फायचा पासवर्ड बदलला की कॅमेरा जुन्याच नावाला हाका मारत बसतो. यावर सोपी युक्ती आहे. नव्या राउटरला जुन्याचेच नाव आणि जुनाच पासवर्ड, अक्षर न् अक्षर तसाच द्या. कॅमेरा आपोआप जोडला जाईल.

डीव्हीआर असेल तर त्याच्या नेटवर्क भागात 'डीएचसीपी' चालू ठेवून बघा. जुन्या राउटरचा पत्ता त्यात कायम करून ठेवलेला असेल तर नव्या राउटरशी त्याचे जमत नाही. शिवाय तारीख बघा. आतला नाण्याएवढा सेल संपला की लाइट जाऊन आल्यावर घड्याळ भलतीच तारीख दाखवते आणि मग चोरीच्या रात्रीचे रेकॉर्डिंग शोधूनही सापडत नाही.

सिमच्या कॅमेऱ्यासाठी कंपनी निवडताना जाहिरात बघू नका. जिथे कॅमेरा लागणार त्याच जागी, त्याच उंचीवर मोबाईल धरून वेग तपासा. सिमचे पिन-कुलूप काढा, रिचार्ज संपण्याची तारीख कालनिर्णयावर लिहा.

डेटाचा हिशेबही समजून घ्या. साधारण स्पष्ट चित्राला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर तासाला ९०० एमबी जातात. रोजचा दीड जीबीचा पॅक एक तास चाळीस मिनिटांत खलास! हलक्या दर्जाचे चित्र अर्ध्या मेगाबिटात येते, म्हणजे तासाला सुमारे २२५ एमबी. दिवसा पोरांनी गंमत म्हणून कॅमेरा लावून ठेवला की रात्री गरजेच्या वेळी वेग उरत नाही. मेमरी कार्डावरच्या रेकॉर्डिंगला मात्र डेटा लागत नाही.

"पोर्ट उघडून देतो" म्हटले तर

काही बसवणारे जुन्या पद्धतीने राउटरला बाहेरून वाट पाडून देतात. त्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. सिमच्या नेटवर ते बहुधा चालत नाही. कारण इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते साऱ्या जगात मिळून सुमारे ४३० कोटी, ते पुरेनासे झाले म्हणून कंपन्या एकाच पत्त्यावर पुष्कळ ग्राहक बसवतात. चाळीच्या दारावर एकच पेटी असावी तसे हे आहे. आतून पाठवलेले पत्र जाते आणि त्याचे उत्तरही येते, पण बाहेरून नव्याने आलेले पत्र कोणत्या खोलीचे ते कळत नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधला दिसला तर आपण अशा सामायिक पत्त्यावर आहोत असे समजा. हे आकडे २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवले गेले. अशा वेळी कॅमेऱ्याची पी-टू-पी किंवा क्लाउड सोय चालू करावी. वाट उघडी ठेवण्यापेक्षा तीच बरी.

किल्ली कोणाकडे?

कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने असेच मूळ पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेत मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. मालकांना पत्ताही नव्हता. केंद्र सरकारनेही २०२४ साली सीसीटीव्हीसाठी सुरक्षा-चाचणीचे नियम अधिसूचित केले आणि ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले. नवा कॅमेरा घेताना दुकानदाराला याबद्दल जरूर विचारा.

मुख्य खाते आपल्या नंबरवर उघडा, बसवणाऱ्याच्या नव्हे. घरच्यांना, गड्याला चित्र दाखवायचे असेल तर ॲपमधल्या 'शेअर' सोयीने द्या. काम सोडून गेला की ती परवानगी काढता येते. "कॅमेरा कंपनीतून बोलतोय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. फसवणूक झालीच तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवा.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. चौकातले कॅमेरे सरकारी पैशातून येतात, पण खाते ठेकेदाराच्या नाहीतर जुन्या पदाधिकाऱ्याच्या मोबाईलवर राहते. पदे बदलतात, बदल्या होतात आणि कॅमेरे असून गाव आंधळे राहते. खाते ग्रामपंचायतीच्या नंबरवर घ्या, पासवर्ड बंद पाकिटात दप्तरी ठेवा आणि पदभार देता-घेताना त्याची नोंद करा. डिस्कचाही हिशेब ठेवा. चार कॅमेरे, प्रत्येकी २ मेगाबिट, म्हणजे दिवसाला सुमारे ८६ जीबी. १ टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवे चढते. चोरीची तक्रार पंधरा दिवसांनी आली तर दाखवायला काहीच उरत नाही. घटना कळताच ते रेकॉर्डिंग वेगळे काढून ठेवा आणि पोलिसांना मूळ यंत्र दाखवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते.

आणि कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या अंगणाकडे, न्हाणीकडे, बायाबापड्यांच्या पाणवठ्याकडे नको. चोरापेक्षा असल्या भांडणांनीच गाव जास्त दुभंगते.

एवढे आजच करा

एका जाड कागदावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक, सिमचा नंबर, रिचार्जची तारीख, बसवणाऱ्याचा फोन आणि जवळच्या एका विश्वासू शेजाऱ्याचा फोन लिहा आणि तो कागद कपाटात ठेवा. पासवर्ड त्यावर लिहू नका. मग या रविवारी गावच्या वेशीबाहेर जाऊन मोबाईलच्या नेटवर चित्र उघडा आणि कोपऱ्यातले घड्याळ बघा. दुसऱ्या फेरीत घरच्या कुणाला तरी मेन स्विच पाडून पुन्हा चढवायला सांगा आणि चित्र किती मिनिटांत परत येते ते मोजा. काढणीच्या आधी आपण मळणीयंत्र फिरवून बघतो, तशीच ही फेरी दर महिन्याला घाला. आणि शेजाऱ्याशी बोलणे ठेवा. चित्र गेले तरी रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात जाणारा माणूस तोच आहे.