प्रवासी की सामान?

आज आपण एका टॅक्सीपासून सुरुवात करू. आमचे एक स्नेही व्हीलचेअर वापरतात. मुंबईत त्यांच्याबरोबर निघालो की नेहमीची अडचण: डिकीत सीएनजीची टाकी, मग व्हीलचेअर ठेवायची कुठे? मागे एकदा एक चालक भला भेटला. त्याने स्नेह्यांना सरळ उचलून सीटवर बसवलं, व्हीलचेअर टपावर दोरीने बांधली. आम्ही त्याचे आभार मानले. स्नेही गप्प होते. नंतर एवढंच म्हणाले, "आधी मला विचारायला हवं होतं."

आता बघा, चालकाची नियत चांगलीच होती. मग खटकलं काय? कसं बसायचं हे प्रवासी ठरवतो. सामानाला कोणी विचारत नाही.

लंडनची काळी टॅक्सी घ्या. १ जानेवारी २००० पासून तिथल्या प्रत्येक काळ्या टॅक्सीत व्हीलचेअरसकट चढता येणं बंधनकारक आहे. दाराला रॅम्प लावायचा, व्हीलचेअर आत घ्यायची, पट्टे बांधायचे. पण नुसत्या रॅम्पने भागत नाही. म्हणून ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्याने चालकाचं कर्तव्यही सांगितलं. व्हीलचेअरवर बसूनच जायचं की सीटवर, ही निवड प्रवाशाची. चालकाने वाजवी मदत करायची, जादा पैसे मागायचे नाहीत. मोडलं तर १,००० पौंडांपर्यंत दंड. प्रकृतीमुळे ज्या चालकाला हे झेपत नाही, त्याला सूट मिळते.

कोणी म्हणेल, "आपल्याकडे माणुसकी आहे, कायदा कशाला?" माणुसकी हवीच हो. पण तिच्यावरच विसंबलं, तर घरी पोहोचणं त्या दिवशी कोण चालक भेटतो यावर राहतं.

कायदा आपल्याकडेही आहे, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. त्यात वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. पण सुगमतेच्या मानकांचा नियम नुसता शिफारशीसारखा होता. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करायला सांगितलं. शिफारस आणि सक्ती यांत फरक काय? शिफारस पाळली तर आपण आभार मानतो. सक्ती मोडली तर जाब विचारू शकतो.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. मदतीला पुढे व्हा, पण हात लावण्याआधी विचारा, "कशी मदत करू?" आणि हे सोबतच्या माणसाला नको, व्हीलचेअरवर बसलेल्या माणसालाच विचारा.