इतिहासाच्या हजेरीपटावर नसलेल्या स्त्रिया

समतेच्या चळवळीचा वारसा सांगण्याचा कोल्हापूरचा अधिकार वादातीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचा जाहीर पुरस्कार केला. बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे १९५० साली, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच उभे राहिले. या सर्व गोष्टी येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. परंतु या चळवळीतील एका तरी दलित स्त्रीचे नाव सांगा, असे त्याच मुलांना विचारले, तर वर्गात शांतता पसरेल. हा दोष मुलांचा नव्हे. जो इतिहास त्यांच्या हाती दिला गेला, त्याच्या हजेरीपटावर ही नावे कधी चढलीच नाहीत.

वस्तुतः ही परंपरा फार जुनी आहे. फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. १९०९ साली शिवूबाई नावाच्या एका मुरळीने शिवराम जानबा कांबळे यांच्या 'सोमवंशीय मित्र' पत्रात पत्र लिहून आपल्यासारख्या स्त्रियांची व्यथा समाजापुढे मांडली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले, तेव्हा जातीची खूण म्हणून लादलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने त्यांनी तेथल्या तेथे टाकून दिले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे, आणि २० ते २५ हजार स्त्रिया उपस्थित होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा, विधिमंडळांत स्त्रियांना जागा, असे ठराव तेथे झाले. हिंदू कायद्यात यांतील काही गोष्टी येण्यास पुढे तेरा वर्षे लागली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अल्पशिक्षित स्त्रियांची झेप ध्यानात येते. नाशिकच्या शांताबाई दाणी यांनी तर सत्याग्रह, तुरुंगवास आणि विधान परिषद अशी तिन्ही क्षेत्रे पाहिली.

साता समुद्रांपलीकडेही हेच घडले. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केला. तेव्हापासून महाराष्ट्राला अमेरिकेतील काळ्या लोकांचा लढा परका राहिलेला नाही. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा गोऱ्या उतारूला देण्याचे नाकारले, एवढे सर्वांना माहीत असते. मात्र त्यांच्या अटकेनंतर रातोरात हजारो पत्रके छापून काढली ती जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने, एक सहकारी आणि दोन विद्यार्थ्यांच्या मदतीने. ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकून पायी कामाला जाणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या असंख्य काळ्या स्त्रिया होत्या. तरीही २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला प्रचंड मोर्चा निघाला, तेव्हा प्रमुख वक्त्यांच्या यादीत एकाही स्त्रीला स्थान मिळाले नाही. राबणारे हात स्त्रियांचे आणि व्यासपीठ पुरुषांचे, ही वाटणी जगभर सारखीच दिसते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. मुलीच्या केसांत जट निघाली, घरात आजार आला वा मुलगा झाला नाही, की मुलीला यल्लम्माला सोडण्याची चाल या सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सोडलेल्या मुलींत दलित घरांतील मुलींचे प्रमाण फार मोठे होते. शाहू महाराजांच्या दरबाराने १९२० साली जोगत्या-मुरळी प्रथेला आळा घालणारा कायदा केला, मुंबई प्रांतात १९३४ साली कायदा झाला. प्रथा मात्र टिकली. याचे कारण उघड आहे. देवीच्या नावाखाली येथे पोटाचा प्रश्न सोडवला जात होता. सोडलेली मुलगी माहेरीच राहून म्हाताऱ्या आईबापांना पोसत असे. त्या पोटाची दुसरी सोय न करता केलेला कायदा कागदावरच राहणार, यात नवल ते काय?

१९७५ साली गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरली, तिचे महत्त्व येथेच आहे. बाबा आढाव, प्रा. विठ्ठल बन्ने आदी कार्यकर्त्यांनी त्या कामी पुढाकार घेतला, हे कृतज्ञतेने नोंदवलेच पाहिजे. परंतु ज्यांच्याविषयी आजवर इतरांनी बोलावे असा रिवाज होता, त्या स्त्रिया स्वतः सभेत येऊन बसल्या, ही खरी क्रांती होती. गळ्यातील मणी आणि हातातील परडी खाली ठेवायची म्हणजे देवीचा कोप, गावाचा रोष आणि उद्याची उपासमार या तिन्हींना एकाच वेळी तोंड द्यायचे. एखाद्या सत्याग्रहापेक्षा हे धैर्य तिळभरही कमी नव्हते. कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली या प्रथेविरुद्ध नवे कायदे झाले, त्यांच्यामागे या धैर्याचे पाठबळ आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की चळवळ एकच असते. तिच्यात स्त्री-पुरुष असे हिशेब मांडल्याने फूट मात्र पडेल. हा आक्षेप वरवर समंजस वाटला तरी टिकणारा नाही. पाणवठ्यावर विटाळ प्रथम स्त्रीच्या घागरीला लागत असे, आणि देवाला सोडली जाई ती बहुधा मुलगीच. दुःखाची वाटणी जर सारखी नव्हती, तर त्याच्याविरुद्धच्या लढ्याचा वृत्तांत तरी एकाच साच्याचा कसा असेल? शिवाय ज्या समाजाला आपल्या कार्यकर्त्या आठवत नाहीत, त्याला पुढच्या कार्यकर्त्या मिळणेही कठीण जाते. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला, तो अशा स्त्रियांच्या भेटी घेऊन, त्यांच्या तोंडून ऐकून. ते काम जिल्ह्याजिल्ह्यात पुढे जावयास हवे होते.

ते अजूनही करता येण्यासारखे आहे आणि त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. गडहिंग्लजच्या परिषदेला तरुण वयात आलेल्या स्त्रिया आज सत्तरीच्या घरात किंवा पलीकडे असतील. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी त्यांच्या दारी जावे आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. स्वतःचे नाव उघड करायचे की नाही, हा निर्णय मात्र सर्वस्वी त्या स्त्रियांचा. शिक्षकांनी माणगावचा धडा शिकवताना नागपूरच्या परिषदेसाठी दहा मिनिटे काढावीत. कचेरीतील कारकुनाचा वाटाही लहान नाही. देवदासीच्या मुलाने शाळेच्या अर्जावर बापाच्या नावापुढे काय लिहावे, या एका रकान्याने अनेक मुलांची मान खाली घातली आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने आवश्यक केले. पण नियम बदलला तरी रकाना भरून घेणाऱ्या माणसाची नजर त्याबरोबर आपोआप बदलत नाही. अर्ज हातात घेताना त्याने जादा प्रश्न न विचारता आईचे नाव स्वच्छ अक्षरात लिहून घेतले, तर शाहूंच्या करवीरात समतेचे एक पाऊल त्या टेबलावरही पडेल.