मोटारीवरील मुलाम्याची निगा

शेतकऱ्याच्या दारीं आतां बैलगाडीशेजारीं मोटारहि उभी असलेली दिसते. कोणी ती माल बाजारांत नेण्यासाठीं घेतली, कोणी घरच्या माणसांसाठीं. फवाऱ्याचा पंप वापरानंतर धुवून ठेवावा, नांगराच्या फाळास तेलाचा हात द्यावा, हें आमच्या वाचकबंधूंस सांगावें लागत नाहीं. परंतु मोटारीच्या तोंडावरील जाळी, नांवाचीं अक्षरें, दारांच्या मुठी हे जे रुप्यासारखे चकाकणारे भाग, त्यांची निगा पुष्कळ ठिकाणीं उलट्या रीतीनें होतांना आम्ही पाहतों. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

महसूल खात्यांत असतां जप्तीच्या जिनसांची यादी करण्याचें काम आमच्याकडे असे. जिन्नस कशाचा आहे हें आधीं लिहावें व किंमत मागून, ही त्या कामाची पहिली शिस्त. तोच नियम येथें लागू करावा. हे चकाकणारे भाग पाहणारास धातूचे वाटतात. परंतु आजच्या गाड्यांवर ते बहुतेक प्लास्टिकाचे असतात. पूर्वीच्या मोटारींचे बंपर पोलादी असत व त्यांवर क्रोमाचा मुलामा असे. सन १९६० नंतर प्लास्टिकावर असा मुलामा चढविण्याची कला कारखान्यांत रुळली, आणि वजन व खर्च दोन्ही वांचत असल्यामुळें ती सर्वत्र पसरली.

हा मुलामा कसा बसतो तें समजलें म्हणजे निगेचे नियम आपोआप समजतात. यासाठीं बहुधा ए.बी.एस. नांवाचें प्लास्टिक वापरतात. त्यांत रबरासारख्या पदार्थाचे सूक्ष्म कण असतात. तीव्र अम्लाच्या द्रवांत तो भाग बुडविला कीं, ते कण विरघळून पृष्ठभागावर बारीक खळगे पडतात, व त्या खळग्यांतच धातूचा पहिला थर आपलीं मुळें रोवितो. त्यावर विजेच्या साह्यानें तांबें, तांब्यावर निकल व सर्वांवर क्रोम. तांबें व निकल मिळून मिलिमीटराच्या कांहीं शतांश भागांइतके जाड असतात. परंतु वरचें क्रोम मिलिमीटराच्या हजाराव्या भागाहूनहि पातळ असतें. सन १७९७ त वोकलँ या फ्रेंच रसायनज्ञानें शोधलेली ही धातु अति कठीण खरी. पण इतका पातळ पदर किती घांसणें सोसणार?

आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांच्या घरीं लग्नकार्यापूर्वीं गाडीची जाळी समयांप्रमाणें चिंच व राख लावून घांसण्यांत आली. त्या दिवशीं ती झकास दिसली. पुढें मात्र तिच्यावर पिवळसर झांक आली. वरचें क्रोम झिजून खालचें निकल दिसूं लागल्याची ती खूण होती. पावसाळ्यांत त्यावर ठिपके पडले व पापुद्रे सुटूं लागले. तांब्याच्या भांड्याची कल्हई गेली तर कल्हईवाला ती पुन्हां करून देतो. प्लास्टिकावरील मुलामा गेला कीं सबंध भागच बदलावा लागतो, आणि तो खर्च धन्याच्या पदरीं पडतो. शिवाय सुटलेल्या पापुद्र्याची कड पात्यासारखी धारदार असते. पुसणाराचें बोट कापण्यास ती पुरेशी आहे.

सर्वच भागांवर असा विजेनें चढविलेला मुलामा असतो असेंहि नाहीं. कांहींवर निर्वात पेटींत ॲल्युमिनियमची वाफ बसवून वर पारदर्शक रोगण दिलेलें असतें; कांहींवर नुसता रुपेरी रंग किंवा चिकटपट्टी असते. हे दोन प्रकार पहिल्याहून पुष्कळ नाजूक. वरून पाहून फरक कळणें कठीण. म्हणून ज्याची जात ठाऊक नाहीं, तो भाग सर्वांत नाजूक जातीचा समजून वागवावा, हेंच शहाणपणाचें.

धुण्याची रीत सोपी आहे. गाडी सावलींत उभी करून निवूं द्यावी. प्रथम भरपूर पाणी सोडून धूळ व रेती वाहून जाऊं द्यावी. कोरड्या फडक्यानें धूळ पुसणें म्हणजे रेतीनें घांसणेंच होय. मग मोटारीसाठीं मिळणारा सौम्य साबण पाण्यांत मिसळून मऊ फडक्यानें हलक्या हातानें धुवावें. सांदीकोपऱ्यांत मऊ दांतघासणी चालवावी. स्वच्छ पाण्यानें खळबळून लगेच कोरडें पुसावें. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचें तोंड मुलाम्याच्या कडांजवळ नेऊं नये; कड सुटते.

विहिरीच्या वा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहिले तर एक भाग व्हिनेगर व दोन भाग पाणी यांत फडकें भिजवून क्षणभर ठेवावें व लागलेंच धुवावें. आधीं आडबाजूस करून पाहावें. पक्ष्यांची घाण वाळली असल्यास ओलें फडकें दहा मिनिटें ठेवून नरम करावी. डांबराच्या ठिपक्यास गोडें तेल लावून तो मऊ पडल्यावर पुसावा व साबणानें धुवावें. पेट्रोल, थिनर व ॲसिटोन हे प्लास्टिकाचे वैरी होत. राख, रांगोळी, दंतमंजन, तारेची घासणी, पितळ उजळण्याचें पॉलिश व चाकें धुण्याचीं अम्लें यांसहि तेथें मज्जाव असावा.

शेतकऱ्यानें विशेष जपावें तें क्षारांपासून. मॉस्कोकडे हिवाळ्यांत रस्त्यावरचें बर्फ वितळविण्यास कॅल्शियम क्लोराइड टाकतात. तें चिखलासह क्रोमावर चिकटून त्यास इतकें खातें कीं, या व्याधीस कारखानदारांनीं ‘रशियन चिखल’ असेंच नांव दिलें आहे. आपल्याकडे तें बर्फ नाहीं. पण म्युरिएट ऑफ पोटॅश हें खतहि क्लोराइडच, आणि कोंकणपट्टीचा खारा वारा त्याच कुळांतला. खताचीं पोतीं वाहिल्यावर, किंवा द्राक्षबागेंत मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचे तुषार गाडीवर उडाल्यावर, ती त्याच दिवशीं धुवावी.

रक्षणासाठीं मोटारीचें साधें मेण, ज्यांत घांसणारी पूड नाहीं असें, तीन महिन्यांनीं एकदां पातळ लावून पुसून घ्यावें. त्यांतील एक वेळ मृगापूर्वींची असावी. त्यानें पाणी व क्षार तेथें ठरत नाहींत. मात्र कांहीं नव्या गाड्यांत पुढील बोधचिन्हामागें अडथळा ओळखणारें रडार असतें. शोभेसाठीं त्यावर धातूची चमकदार पट्टी कधींहि चिकटवूं नये. पापुद्रा एकदां सुटला तर तो ओढूं नये व पॉलिशानें झांकण्याच्या नादींहि लागूं नये. तो भाग बदलावा, किंवा खरवडून, सपाट करून रंगवून घ्यावा.

असो. गाडी बहुधा घरचा मुलगा किंवा गडी धुतो, आणि त्यास कोणी कांहीं सांगितलेलें नसतें. तो आपल्या परीनें जोर लावून घांसतो व शाबासकीची वाट पाहतो. तेव्हां हा लेख वाचून ठेवून देण्यापेक्षां त्यास समोर बसवून वाचून दाखवावा, व एक मऊ फडकें त्याच कामासाठीं वेगळें काढून द्यावें.