कुपवाडमध्ये गुंठ्याचा प्लॉट घेताय? टोकन देण्याआधी मोबाईलवर हे बघा

सांगली-मिरज परिसरात 'गुंठेवारी' हा शब्द माहीत नाही असं घर सापडणं अवघड. तरीही व्हॉट्सॲपवर प्लॉटची जाहिरात आली की पहिला प्रश्न दराचाच असतो. दर कमी का, हे मात्र कोणी विचारत नाही.

१९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. कुपवाडला एमआयडीसी, म्हणजे कामगार आले, त्यांना घरं हवी होती. शेतकऱ्याने एकराचे ४० गुंठे पाडले आणि विकले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, छोट्या घराला पुरेसा. मंजूर लेआउटमध्ये रस्ते आणि खुली जागा सोडावी लागते, म्हणजे ४० पैकी बरेच गुंठे विकताच येत नाहीत. गुंठेवारीत ही जागा कमीत कमी सोडतात. स्वस्ताईचं गणित एवढंच आहे! गटार आणि रस्त्याचा खर्च मात्र कुठे जात नाही, तो नंतर राहणाऱ्यांवर येतो.

यावर सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आणला. १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क भरून नियमित करायची सोय झाली. २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. गरिबाचं घर वाचलं, हे चांगलंच झालं. पण तारीख पुढे सरकते म्हटल्यावर नवे प्लॉट पाडणाऱ्यालाही धीर येतो, असं माझं मत. "होईल की नियमित" हे एजंटचं वाक्य त्यातूनच येतं.

आता मोबाईल काढा. महाभूमीच्या 'भूलेख' साइटवर सांगली जिल्हा, मिरज तालुका, मग गाव आणि गट नंबर टाका. सातबारा फुकट दिसतो, पण तो फक्त बघण्यापुरता. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये लागतात. सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक बघायचं.

त्यात विकणाऱ्याचं नाव आहे का? एकाच गटावर वीस-पंचवीस नावं असतील तर तुमचा तुकडा नेमका कुठला, हे कागद सांगणार नाही. 'भोगवटादार वर्ग २' लिहिलं असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. 'इतर हक्क' हा रकाना तर नक्की वाचा, बँकेचा बोजा तिथेच सापडतो. आणि 'आपली चावडी'वर त्या गटाची फेरफार नोटीस चालू आहे का, तेही बघून घ्या.

नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर जमीन तुमच्या नावावर होत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. तेही झालं म्हणजे लेआउट मंजूर आहे असं नाही बरं का! विकास आराखड्यात त्या गटावर रस्ता किंवा आरक्षण आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. झोन दाखला लेखी मागा. तो हातात येईपर्यंत एजंटला थांबू द्या.